चारातला एक

चौतीस पेपरांपैकी एकतीस पेपरांत तीच चूक होती, आणि तीही जवळपास एकाच वाक्यात. आधी मला कॉपीचा संशय आला. प्रीलिमला, म्हणजे बोर्डाच्या आधी कॉलेज घेतं त्या परीक्षेला, सुपरव्हिजन मीच केलं होतं. मागच्या बेंचवरची दोघं सोडली तर कुणी मान वळवली नव्हती. म्हणजे चूक पोरांनी एकमेकांची बघून केलेली नव्हती. ती घरूनच आणली होती.

गडचिरोली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी ज्युनिअर कॉलेजात बायॉलॉजी शिकवत होतो. नव्वदचं दशक सरत आलं होतं. वडिलांचं चंद्रपुरात शिलाईचं दुकान होतं, त्यांना वाटे पोरगा डॉक्टर होईल. मी डॉक्टर झालो नाही, डॉक्टर होऊ पाहणाऱ्यांना शिकवू लागलो. त्यातले फार थोडे डॉक्टर झाले हा भाग वेगळा.

तर तो प्रश्न असा होता. आईवडील दोघंही सिकलसेलचे वाहक आहेत. त्यांचं पहिलं मूल आजारी जन्मलं. दुसरं मूल आजारी असण्याची शक्यता किती?

एकतीस जणांचं उत्तर: शून्य. चारातलं एक झालं, आता पुढची तीन चांगली.

ज्यांना हा विषय माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. रक्तातल्या तांबड्या पेशी गोल असतात. सिकलसेलमध्ये त्या विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक नसांमध्ये अडकतात. मग हातपाय ठणकतात, डोळे पिवळे पडतात, रक्त कमी होतं. हा आजार लागत नाही, आईबापांकडून येतो. मुलाला एक जनुक आईकडून आणि एक बापाकडून मिळतं. एकच बिघडलेलं असलं तर माणूस वाहक असतो, त्याला काही होत नाही, बहुतेकदा कळतही नाही. दोन्ही बिघडलेली मिळाली तर मूल आजारी. आमच्या भागात हा आजार नसलेलं गाव शोधावं लागतं.

दोन वाहकांचं लग्न झालं तर चार शक्यता होतात. एक आजारी, दोन वाहक, एक पूर्ण निरोगी. त्या दाखवायला चार घरांची चौकट काढतात. पण या चार शक्यता आहेत, चार मुलं नव्हेत. प्रत्येक मुलाच्या वेळी नव्याने चारात एक. आधीचं मूल कसं निघालं याच्याशी पुढच्याचं काही देणंघेणं नाही. एवढंच आहे, पण एवढंच चौतिसात तिघांना कळलं होतं. त्या तिघांतल्या एकाने नुसतं ‘पंचवीस टक्के’ लिहिलं होतं, त्यामुळे त्याला खरंच कळलं होतं की नुसता अंदाज बरोबर बसला होता, देव जाणे.

माझी एक पद्धत होती. दरवर्षी प्रीलिम तपासताना जे प्रश्न बहुतेकांचे चुकत ते मी एका वहीत उतरवत असे आणि फेब्रुवारीभर फक्त त्यांचीच रिव्हिजन घेत असे. हृदयाच्या झडपा, पेशीविभाजनाच्या पायऱ्या, झाडात पाणी कुठल्या नळीतून चढतं आणि अन्न कुठल्या नळीतून उतरतं, हे ठरलेले गडी. चौकटीचा प्रश्न त्या वहीत कधीच आला नव्हता. चौकट म्हणजे हमखास पाच मार्क. आमची पोरं मराठी माध्यमातून येऊन अकरावीत एकदम इंग्रजीत सायन्स शिकणारी, लांब उत्तरात त्यांची दमछाक व्हायची. म्हणून चौकट मी घोटून घेत असे आणि खाली लिहायचं वाक्य इंग्रजीतच पाठ करून घेत असे: आउट ऑफ फोर चिल्ड्रन, वन विल बी डिसीज्ड. बोर्डाच्या मॉडेल आन्सरमध्ये जवळपास असंच असे. पेपर तपासणारा चौकट बघे, वाक्य बघे, पाचपैकी पाच देऊन मोकळा होई. मीही तेच करत होतो.

त्या वर्षी प्रीलिमचा पेपर मी काढला नव्हता. जिल्ह्यातल्या बायॉलॉजीच्या शिक्षकांनी मिळून एक सामाईक पेपर काढायचं ठरवलं होतं, आणि कुणा शहाण्याने चौकट न विचारता हा प्रश्न विचारला होता. त्या शहाण्यावर मी दोन दिवस चिडून होतो. आमची हमखास कमाई त्याने बुडवली असं मला वाटत होतं.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात रिव्हिजनला तो प्रश्न घेतला. खिशातून नाणं काढून उडवलं.

“छापा आला. आता दुसऱ्यांदा उडवतो. काटा येणार का?”

“येन सर,” दोनतीन जण म्हणाले.

“नक्की?”

“एकदा छापा आला ना. आता काटाच.”

उडवलं. पुन्हा छापा आला. वर्ग हसला. मी म्हटलं, नाण्याला आठवण नसते, तशी जनुकांनाही नसते. एकेकाच्या चेहऱ्यावर उजेड पडायला लागला तसा मी खूश झालो. तेवढ्यात मंदा उभी राहिली. ही हुशार मुलगी, बारा किलोमीटरवरच्या खेड्यातून एसटीने यायची. प्रश्न विचारायला उभी राहणारी मुलगी नव्हती.

“सर, पण विलासभाऊ तं सांगून राह्यले का आता तीनही लेकरं चांगले होतीन.”

विलास तिचा मोठा भाऊ आणि माझाच सातआठ वर्षांपूर्वीचा विद्यार्थी. बारावीनंतर डी.एड. करून जिल्हा परिषदेच्या शाळेत लागला होता, तेही आपल्याच गावात. मामाच्याच मुलीशी लग्न केलं होतं. आमच्याकडे हे नातं आधी बघतात.

“विलासला मूल आहे?” मी विचारलं.

“सोनू आहे. चार वर्साचा. त्याले सिकलसेल हाय ना सर. आन वहिनीले आता सातवा चालू आहे.”

वर्गात कुणी हसलं नाही. मी खडू ठेवला आणि म्हटलं, बस. पुढे काय शिकवलं ते मला आठवत नाही.

पुढचे दोन तासही मी त्याच प्रश्नावर घालवले. चिंचोके आणले, पत्ते आणले. कुणीतरी तक्रार केली असावी, प्राचार्यांनी बोलावलं.

“शेख, पाच मार्कांचा प्रश्न आहे. किती तास घालवणार?”

“सर, तो एका घरातला प्रश्न आहे.”

“कुणाच्या?”

“आपल्या एका विद्यार्थ्याच्या. जुन्या.”

“मग त्याच्या घरी जाऊन सोडवा. कॉलेजात पोर्शन सोडवा.” मग जरा थांबून म्हणाले, “हाफ सीएल टाका. मी सही करतो.”

ते रागावले होते की मदत करत होते हे मला आजवर ठरवता आलेलं नाही. दुपारच्या एसटीने मी विलासच्या गावी गेलो.

धान कधीच निघाला होता. अंगणात तणसाचा ढीग होता आणि त्याच्या सावलीत सोनू बसला होता. चार वर्षांचा असून अडीच वर्षांचा वाटत होता. डोळे पिवळट. विलासने मला पाहिलं आणि धावतच आला, पाया पडला. आत खाट टाकली. त्याची आई पाणी घेऊन आली. बायको रेखा दाराशी उभी राहिली, पोटावर पदर घेऊन. चहा झाला, कॉलेजची विचारपूस झाली. मला विषयावर येता येईना. शेवटी मी सरळच विचारलं.

“विलास, पुढची तीन मुलं चांगली होतील असं तू सांगतोस म्हणे.”

“हो सर. चारातला एक. सोनू झाला. आता काई भेव नाई.”

“कुणी सांगितलं तुला?”

तो हसला. त्याला वाटलं मी गंमत करतोय. उठला, आतल्या लोखंडी पेटीतून बारावीची वही काढून आणली. कव्हर घातलेली, अक्षर देखणं. आनुवंशिकतेचं पान त्याला शोधावं लागलं नाही, ते आपोआप उघडलं, म्हणजे ते बऱ्याचदा उघडलं गेलं होतं. चौकट. चौकटीखाली माझं वाक्य. बाजूला लाल शाईत माझी सही, बरोबरची खूण आणि ‘गुड’.

“तुमीच तं लिहून देल्लं होतं सर. बोर्डातही हेच आलं होतं. पूर्ण मार्क भेटले.”

इतकी वर्षं मी चुकलेल्या प्रश्नांच्या मागे धावत होतो. जो प्रश्न कुणाचाच चुकत नव्हता, त्यात काय शिकवतो आहे हे मी एकदाही पाहिलं नव्हतं. माझ्या एका विद्यार्थ्याने ते वाक्य खरं मानलं, मार्कांसाठी नव्हे, संसारासाठी. खरं म्हणजे शिकवणाऱ्याला याहून चांगला विद्यार्थी मिळत नाही.

मी म्हटलं, “ते वाक्य चूक आहे. माझं चुकलं.”

“बोर्डात बरोबर देल्लं ना सर.”

“बोर्डाचंही चुकलं.”

हे त्याला पटणं शक्य नव्हतं. एक सर चुकू शकतात, पण सर आणि बोर्ड दोघं मिळून? मी त्याच्या आईकडून चार चिंचोके मागितले. तीन तसेच ठेवले आणि एकाला चुना लावला. लोट्यात टाकून हलवले आणि विलासला न बघता एक काढायला लावला. चुन्याचाच आला.

“हा सोनू. आता तो बाहेर ठेवला तर आत तीन चांगले राहतात. तू हेच समजतो आहेस.”

“हो.”

“पण तो बाहेर राहत नाही. परत आत टाकायचा. आणि मग दुसऱ्यांदा हात घालायचा.”

मी तो परत टाकला. लोटा हलवला. विलासने हात पुढे केला नाही. बोलली ती रेखा.

“म्हंजे दरखेपी तेवढंच भेव?”

“हो बाई. दरखेपी तेवढंच.”

“कमी नाई होत?”

“नाही. वाढतही नाही.”

“मंग आता काय करावं?”

या प्रश्नाचा मी निघताना विचारच केला नव्हता. पोटातल्या बाळाची तपासणी तेव्हा मुंबईकडे होते असं ऐकून होतो, पण तीही तिसऱ्या-चौथ्या महिन्यात. सातव्यात फक्त वाट बघता येते. मी या बाईला दोन महिने पुरेल एवढी भीती द्यायला बारा किलोमीटर आलो होतो, दुसरं काही नाही. तसं मी म्हणालो नाही. म्हटलं, चार खेपांत तीनदा चांगलंच निघतं, तेव्हा चांगलंच होईल असं धरून चाला. पण यानंतर मात्र विचार करा.

विलासची आई पुढे आली. तिने लोटा उचलला, चिंचोके अंगणात फेकले.

“गुरुजी, पोटुशी बाई हाय घरात. तिले भेव दाखवाले आले का तुमी?”

शेवटच्या एसटीला विलास मला सोडायला आला. गाडी आल्यावर म्हणाला, “सर, चूक तं कोनाचीही होते.” तो मला धीर देत होता की माझी चूक आत्ता होते आहे असं सुचवत होता, हे गाडीत बसल्यावर मी विचार करत राहिलो.

मार्चमध्ये बोर्डाचा पेपर झाला. त्यात चौकटच आली. मंदा बाहेर येऊन म्हणाली, “सर, कोनतं लिवावं समजेना. मंग जुनंच लिवलं.” मी म्हटलं, बरं केलंस. पुढे विषयशिक्षकांच्या बैठकीत मी मॉडेल आन्सरचा मुद्दा काढला. एक सीनियर सर म्हणाले, अहो, तेवढ्याने पोरं पास होतात, कशाला काडी घालता? जेवणाची वेळ झाली होती. बैठक उठली.

एप्रिलमध्ये रेखाला मुलगी झाली. आजार पहिल्या दिवशी कळत नाही. बाळाच्या रक्तात सुरुवातीचे काही महिने जन्माआधीचं रक्त असतं, ते ओसरल्यावरच तपासणी खरं बोलते. ते महिने मी कसे काढले ते माझं मला माहीत. मंदाला निकालापेक्षा मी बाळाबद्दलच जास्त विचारत होतो. वर्षाच्या आत त्यांनी नागपूरला जाऊन तपासणी केली. मुलगी फक्त वाहक. आजार नाही.

मला बातमी कळली तेव्हा मी स्टाफरूममध्ये सगळ्यांना चहा पाजला. इतकं हलकं मला बारावीचा निकाल शंभर टक्के लागला तेव्हाही वाटलं नव्हतं.

मुलीच्या पहिल्या वाढदिवसाला विलासने जेवण ठेवलं आणि मला मुद्दाम बोलावलं. मांडव, पत्रावळी, अख्खं गाव. त्याने रिपोर्ट प्लास्टिकच्या पिशवीत घालून जवळ ठेवला होता, येईल त्याला दाखवत होता. मला मधोमध बसवलं.

“पाहा, शेख सर बी चुकले होते,” तो सगळ्यांना सांगत होता. “म्या म्हनलं होतं ना, सोनू झाला, आता तीन चांगले. एक तं झाली.”

लोक हसले. त्यात टोमणा नव्हता, सगळं प्रेमाचं होतं. मीही हसलो. गावात त्याच्या शब्दाला वजन होतं, दोनतीन जण लगेच आपल्या घरच्या लेकरांचं विचारू लागले आणि तो चारातल्या एकाचा हिशेब त्यांना समजावू लागला. त्याच वेळी मी बोलायला हवं होतं. मुलगी चांगली निघाली म्हणजे हिशेब बरोबर ठरत नाही, एवढंच एक वाक्य. पण माझ्या पानावर बुंदी होती, समोर गुड्डी टोपी घालून बसली होती, आणि विलासच्या आईने त्या दिवशी प्रथमच माझ्याकडे बघून तोंड वाकडं केलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर चुकलेला म्हणून हसं होण्यात मला सुटल्यासारखं वाटत होतं. चुकलेला माणूस पुढच्या कशाला जबाबदार नसतो.

रेखा वाढायला आली. भाताचा डाव हातात धरून थांबली आणि हळूच म्हणाली, “सर, आता पुढच्या खेपी कसं?”

मी वर बघितलं. ती गंमत करत नव्हती. त्या मांडवात लोट्याची गोष्ट कळलेली आम्ही दोघंच होतो.

“आज कशाला तो विषय,” मी म्हटलं. “वाढा तुम्ही.”

ती वाढून पुढे गेली.

त्यानंतर दोन वर्षं मी त्या घरी गेलो नाही. जायचं कारण नव्हतं असं मी स्वतःला सांगत होतो. मंदा नर्सिंगला गेली. मी इंग्रजी वाक्य बदललं, नवीन मुलांना नाणं आणि चिंचोके दाखवू लागलो, आणि बोर्डात मात्र जुनंच लिहा असंही सांगू लागलो. दोन्ही एकाच तासात. त्यात मला काही विचित्र वाटलं नाही.

पुन्हा फेब्रुवारी होता, रिव्हिजन चालू होती. शिपाई म्हणाला, कुणी बाई भेटायला आली आहे. बाहेर व्हरांड्यात रेखा होती. कडेवर नऊदहा महिन्यांचा मुलगा. फाटकाबाहेर विलास मोटारसायकलवर बसला होता, तो आत आला नाही.

मुलाच्या दोन्ही हातांची बोटं सुजली होती. पायाचीही. लहान मुलांत हा आजार आधी तिथेच दिसतो. मला रिपोर्ट बघायची गरज नव्हती, तरी तिने पिशवीतून काढून दिला. मी वाचला. दोन्ही बिघडलेली.

“गोळ्या चालू आहेत का?” मी विचारलं. काहीतरी विचारायला हवं होतं.

“आहेत. दवाखान्यातून देल्ल्या. सोनूच्याच गोळ्या, अर्ध्या.” मुलगा कण्हत होता, तिने त्याला दुसऱ्या कडेवर घेतलं. “सर, एक विचाराचं होतं. गुड्डीच्या जेवनाच्या दिवशी तुमाले मालूम होतं ना?”

“हो.”

“मंग बोलले काऊन नाई?”

“सगळे खूश होते, रेखाबाई.”

“मी नोती खूश. मी विचारलं होतं.”

तिचा आवाज चढला नाही. भांडायला आली असती तर बरं झालं असतं. तिला फक्त उत्तर हवं होतं आणि ते मिळाल्यावर तिने रिपोर्ट घडी करून पिशवीत ठेवला. मी म्हटलं, विलासला आत बोलवा, चहा घ्या. ती म्हणाली, ते नाई येत, त्यायले तुमच्यासमोर याले लाज वाटते. लाज त्याला वाटत होती.

त्या मुलाला दर दोनतीन महिन्यांनी रक्त द्यावं लागतं. सोनूही तसाच, थंडीत बिछान्याला खिळलेला असतो. चौथं मूल त्यांनी होऊ दिलं नाही. विलास शाळेत शिकवतो, चारातल्या एकाचा हिशेब आता कुणाला सांगत नाही, पण तेव्हा ज्यांना सांगितला होता त्यांच्याकडे परत गेलाय का, हे मी त्याला विचारलेलं नाही. मीही गेलेलो नाही.

रिटायर झाल्यावर माणसं विचारतात, इतक्या वर्षांत काय शिकलात. परीक्षेपुरतं एक सांगता येईल. चुकीचं उत्तर लिहिलं तर तपासणाऱ्याला निदान कळतं की काय चुकलं, पुढच्या वर्षी ते दुरुस्त होऊ शकतं. विलासचं उत्तर चुकलं, आणि ते मीच शिकवलेलं होतं. त्याचं ओझं मला वाहता येतं. रेखाचं मात्र तसं नाही. तिने सरळ प्रश्न विचारला होता, उत्तर मला येत होतं, आणि मी तो कोरा सोडला.